गॅलरीचा कठडा

मराठी साहित्यात चाळीची गॅलरी अजरामर झाली. तिचा कठडा मात्र समीक्षेच्या नजरेतून निसटला. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो हवा-उजेडाच्या चिंतेतून. खोल्यांपुढून जाणारी उघडी गॅलरी त्या चिंतेला मानवणारी होती, पण उघडेपणासोबत पडण्याचे भयही आले. १९२०च्या दशकातील बीडीडी चाळींत खोल्यांच्या दोन रांगांमधून बंदिस्त बोळ काढला गेला. भय गेले, उजेडही गेला!

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली आली. कठडा साधारण मीटरभर उंच हवा, हे आज सर्वमान्य आहे. या उंचीने मोठा माणूस वाचतो. रांगते मूल वाचते ते गजांमधल्या अंतरामुळे, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. गॅलरीत वाळत घातलेली लुगडी आपल्या लेखकांनी पाहिली, हे अंतर क्वचितच.

१९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेले किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे. तिथे मजले चढवताना डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रित नियमावली पाहावी लागते. मुंबई महापालिकेचे क्षेत्र तिच्यातून वगळलेले आहे. म्हणजे ‘बटाट्याची चाळ’ जिथली, ते शहरच.