काला अंब : घाम आणि विसावा

दिल्लीहून उत्तरेकडे कर्नालच्या वाटेला लागले म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत शहर येते. तेथून आणखी आठेक किलोमीटर गेल्यावर, शेतांच्या मधोमध, काला अंब नावाची जागा आहे. येथे पूर्वी एक आम्रवृक्ष होता. रणात सांडलेल्या रक्ताने त्याचा रंग काळवंडला, अशी लोककथा आहे. तो वृक्ष केव्हाच वठून गेला. त्याच्या जागी आता एक स्मारकस्तंभ आहे, आणि सदाशिवरावभाऊंनी येथूनच युद्धाचे सूत्रचालन केले अशी परंपरा सांगते.

या रणक्षेत्राविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. भाऊंनी गनिमी कावा का सोडला, मल्हारराव रणातून का निघाले, जाट आणि रजपूत का दुरावले, या प्रश्नांचा खल दोन शतकांहून अधिक काळ चालू आहे. मला मात्र त्याच रणाकडे एका निराळ्या वाटेने जावयाचे आहे. ही वाट माणसाच्या शरीराची आहे. शरीर किती तापवावे, किती घामेजू द्यावे आणि मग त्याला किती विसावा द्यावा, हा प्रश्न आज खेळाडूंच्या जगात मोठ्या जिव्हाळ्याने विचारला जातो. फिनलंडमधील सॉना हे स्वेदनगृह आज जगभरच्या व्यायामशाळांत पोहोचले आहे. नियमाने उष्णस्नान घेतल्यास बळ वाढते काय, शीण उतरतो काय, याची चर्चा प्रयोगशाळांतून होत आहे. हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही, आणि त्याचे एक कठोर उत्तर काला अंबाच्या मातीत लिहिलेले आहे, असे मला वाटते.

प्रथम आपल्या प्राचीन शास्त्राकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी जेन्ताक नावाचा प्रकार वाचताना आधुनिक सॉनाचेच वर्णन वाचीत आहोत असा भास होतो. जलाशयाच्या काठी, सपाट भूमीवर, एक वर्तुळाकार घर बांधावे. त्याला झरोके असावेत. भिंतीलगत बसण्या-निजण्यासाठी ओटा असावा. मध्यभागी भट्टी असावी आणि तीत खैरासारखी लाकडे जाळावीत. धूर निघून गेला, घर आतून तापले, म्हणजे अंगाला तेल लावलेल्या माणसाने आत जाऊन ओट्यावर पडावे. अश्मघन नावाच्या दुसऱ्या प्रकारात शिळा तापवून, निखारे काढून, तिच्यावर कढत पाणी शिंपडावयाचे असते. फिनलंडमध्ये तापलेल्या दगडांवर पाणी ओततात, त्याची येथे सहज आठवण होते.

बौद्ध भिक्षूंनाही हे साधन परिचित होते. विनयपिटकात जंताघराचा, म्हणजे उष्णस्नानगृहाचा, उल्लेख वारंवार येतो. गोडधोड अन्नाने भिक्षूंच्या प्रकृती बिघडलेल्या पाहून जीवक वैद्याने चंक्रमाची आणि जंताघराची अनुज्ञा मागितली, अशी कथा त्यात आहे. चालण्याची जागा आणि घाम काढण्याची जागा या दोन्ही त्या वैद्याने एकाच श्वासात मागितल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे तुर्क आणि मोगल यांच्याबरोबर हमाम आला. दिल्लीच्या लाल किल्ल्यातला हमाम दिवाण-इ-खासला लागूनच आहे. १७६० च्या ऑगस्टमध्ये भाऊंनी दिल्ली घेतली आणि फौजेच्या खर्चासाठी याच दिवाण-इ-खासच्या छताचा रुपेरी पत्रा उतरवून त्याचे रुपये पाडले. बादशाहांच्या विलासाचे ते स्नानगृह शेजारीच उभे होते. मराठी फौजेला त्या वेळी चिंता होती ती उद्याच्या दाणावैरणीची.

चरकाने अग्नीवाचून येणाऱ्या घामाचेही दहा प्रकार गणले आहेत. व्यायाम, उबदार घर, जाड पांघरूण, भूक, अतिमद्यपान, भय, क्रोध, अंगाला बांधलेले लेप, युद्ध आणि ऊन. ही यादी वाचून मन क्षणभर थबकते. भूक, भय, क्रोध आणि युद्ध हीसुद्धा वैद्याच्या लेखी स्वेदनाचीच साधने आहेत. त्याच अध्यायात चरकाने आणखी एक यादी दिली आहे. स्वेदन कोणाला देऊ नये, याची ही यादी आहे, आणि तिच्यात तहानलेला, भुकेलेला, थकलेला, क्रुद्ध आणि शोकग्रस्त हे सर्व येतात. म्हणजे भूक आणि क्रोध माणसाला घाम आणतात खरे, परंतु भुकेल्या आणि क्रुद्ध माणसाचा घाम काढणे हे शास्त्राला संमत नाही. ज्याच्याजवळ आधीच काही शिल्लक नाही, त्याच्याकडून आणखी काही काढून घेऊ नये, इतका साधा हा विचार आहे.

आता या दोन याद्या हाती घेऊन काला अंबाकडे पाहावे. नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून मराठ्यांची छावणी पानिपतास पडली होती. अब्दाली यमुना उतरून दक्षिणेस आला होता आणि दिल्लीची वाट त्याने अडविली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि शत्रूची रसद तोडण्याची आशा मावळली. उलट आपलीच रसद तुटली. लढाऊ लोकांबरोबर बुणगे, यात्रेकरू, बायकामुले यांचा मोठा समुदाय होता. दाणा संपला, वैरण संपली, जनावरे मरू लागली. दक्षिणेतल्या माणसांना उत्तरेतील हिवाळ्याची सवय नव्हती आणि पुरेसे गरम कपडेही नव्हते. काशीराज पंडिताच्या वृत्तान्तानुसार, दोन दिवस पोटात अन्न नाही, असे मरण्यापेक्षा लढून मरू, असे लोकांनी भाऊंना येऊन सांगितले. त्याप्रमाणे विडे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला हळद माखून फौज बाहेर पडली. तो दिवस १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.

त्या दिवशीच्या पराक्रमाविषयी शत्रूनेही शंका घेतलेली नाही. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी खिळखिळी केली. भाऊंच्या हुजुरातीने अब्दालीच्या वजिराचे मध्य मोडीत आणले. दुपारपर्यंत पारडे आपल्याकडे झुकलेले होते. परंतु अब्दालीने आपली काही पथके मागे राखून ठेवली होती. पळून छावणीत दडलेल्यांनाही त्याने धाक घालून परत आणले. दिवस कलल्यावर त्याने ही विश्रांत माणसे आणि उंटांवरच्या जंबुरका रणात लोटल्या. आपल्याकडे राखीव असे कोणी नव्हते. सकाळपासून जी माणसे लढत होती तीच लढत होती. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि थोड्याच वेळात सारे संपले.

पराभवाची कारणे अनेक आहेत; राजकारण आहे, तोफखाना आणि घोडदळ यांच्या मेळाचा अभाव आहे. केवळ भुकेने पानिपत हरले, असे म्हणणे भोळेपणाचे होईल. तरीही युद्धशास्त्रातली ‘राखीव फौज’ आणि शरीरशास्त्रातला ‘विसावा’ या दोन कल्पना मुळात एकच आहेत, हे त्या तिसऱ्या प्रहराने दाखवून दिले. मराठी माणसाजवळ त्या दिवशी शौर्य अमाप होते. पोटात अन्न आणि पाठीशी ताज्या दमाची माणसे मात्र नव्हती.

रणानंतर जे वाचले त्यांत महादजी शिंदे होते. पायाला जबर जखम झालेली असताना त्यांना वाचविले ते राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पाणी वाहणाऱ्याने. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानून मोठ्या पदास चढविले. त्या भिस्त्याने वाचविलेला वीर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, पुन्हा दिल्लीत आला, आणि मराठ्यांचे उत्तरेतील वर्चस्व पुन्हा उभे राहिले. सैन्याच्या सावरण्याचा, शक्ती पुन्हा भरून येण्याचा, याहून मोठा दाखला आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. ते सावरणे एका दिवसाचे नव्हते. त्याला दहा वर्षांचा अवधी लागला.

बळ कमाविण्याची विद्या महाराष्ट्राने पुढे तालमीत जोपासली. तिची मुळे जुनी आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या मानसोल्लासात मल्लविनोदाचे प्रकरण आहे, आणि त्यात मल्लांच्या मेहनतीबरोबर त्यांच्या आहाराचाही विचार केला आहे. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबागेचे मैदान सिद्ध झाले. तेथल्या तालमींत तेल आणि ताक घालून मळलेल्या लाल मातीचा हौदा असे. जोर, बैठका, झोंबी झाल्यावर अंगावर माती चोळून घाम जिरवावयाचा, मग मालिश, मग खुराक, मग झोप, असा क्रम वस्ताद डोळ्यांत तेल घालून पाळवीत. मेहनतीइतकाच हा उत्तरार्धही तालमीत महत्त्वाचा मानला जाई.

याच कोल्हापुरात घडलेला कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल, खाशाबा जाधव, १९५२ साली हेलसिंकीला गेला. त्याच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. सॉनाच्या माहेरघरी, ऑलिंपिकच्या गादीवर, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना हरविले. त्यानंतर जपानच्या इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली आणि ती निसटती हातची गेली. सांगतात असे, की ती संपताच त्यांना रशियन मल्ल मामेदबेकोव्हसमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून देणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याचा गौरव करताना त्या न मिळालेल्या अर्ध्या तासाचाही हिशेब इतिहासाने मांडला पाहिजे.

आधुनिक विज्ञान या विषयात काय म्हणते? ऐंशी ते शंभर अंश उष्णतेच्या कोरड्या खोलीत बसले की त्वचेकडे रक्त धावते, नाडी जलद होते, घाम सुटतो. हे नियमाने एक-दोन आठवडे केल्यास शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातून क्षार कमी जातात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील एका प्रयोगात सहा धावपटूंनी तीन आठवडे सरावानंतर सॉना घेतला. थकून थांबेपर्यंत धावण्याचा त्यांचा अवधी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला. शर्यतीच्या वेळेत मोजल्यास हा लाभ सुमारे दोन टक्क्यांचा होतो. प्रयोग लहान होता, तरी दिशा दाखविणारा होता. उलटपक्षी, २०१९ साली पोहणाऱ्या खेळाडूंवर केलेल्या एका प्रयोगात, कठीण सरावानंतर लगेच घेतलेल्या कडक सॉनाने दुसऱ्या दिवशीची कामगिरी खालावलेली आढळली. उष्णता हादेखील एक प्रकारचा श्रमच आहे. तो विसाव्याची जागा घेऊ शकत नाही. जेन्ताकातून बाहेर आल्यावर एकदम थंड पाण्याला स्पर्श करू नये, थोडा वेळ विसावून कोमट पाण्याने स्नान करावे आणि मग जेवावे, असे चरकाने सांगितले आहे. क्रम तोच : उष्णता, विसावा, पाणी, अन्न.

हा क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आहेत. वजनी गटात बसण्यासाठी मल्ल अन्नपाणी तोडतात आणि वाफेच्या खोलीत अंगातले पाणी काढून टाकतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा खटाटोपात मृत्यू पावले, आणि तेथल्या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने वजन घटविण्यासाठी सॉना वापरण्यावर बंदी घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये हरियाणाची विनेश फोगाट एकाच दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली. त्या रात्री तिने न झोपता व्यायाम केला, सॉना घेतला, केसही कापले. तरी सकाळी पन्नास किलोंच्या मर्यादेपेक्षा शंभर ग्रॅम वजन अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. भुकेला, तहानलेला, थकलेला : चरकाच्या निषेधाच्या यादीतील तीन शब्द त्या एका रात्रीत एकत्र आले होते.

काला अंबाच्या परिसरातील मातीने दुसरेही चित्र पाहिले आहे. पानिपत जिल्ह्यातील खंडरा गावच्या नीरज चोप्राने २०२१ साली टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले आणि २०२४ मध्ये पॅरिसला रौप्यपदक. याच मुलखात ‘रोड मराठा’ म्हणविणारा समाज आपले कूळ पानिपतच्या वीरांशी जोडतो, आणि दर १४ जानेवारीला काला अंबाजवळ लोक जमून मृतांना वंदन करतात.

वंदन करणे योग्यच आहे. परंतु वीरांचे स्मरण करताना त्यांच्या शौर्याइतकीच त्यांची उपासमारही ध्यानात ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे. आजही गावोगावच्या तालमींत आणि क्रीडांगणांवर हजारो मुले घाम गाळीत आहेत. घाम गाळा, असे त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या ताटात पुरेसे अन्न आहे काय, दोन झुंजींमधला अर्धा तास त्यांना मिळतो काय, आणि तो मिळत नसेल तर त्यांच्यातर्फे नियम दाखविणारे कोणी हजर आहे काय, हे पाहणाऱ्यांची संख्या मात्र थोडी आहे. ती वाढली, तर काला अंबाच्या स्तंभाला आपण खरी मानवंदना दिली असे होईल.