रोमिंगचं त्रिकूट

मुकुटबन हे झरी जामणी तालुक्यातलं बाजाराचं गाव आणि माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं स्टेशन. तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा, आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. टेलिकॉमच्या नकाशावर ही नदी म्हणजे दोन सर्कलची हद्द: अलीकडे महाराष्ट्र सर्कल, पलीकडे आजही आंध्र प्रदेश सर्कल. काठच्या गावांत फोन कधी या बाजूचा टॉवर पकडतो, कधी त्या बाजूचा. त्यात २०२२ साली मुकुटबनचा सिमेंट कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यात लांबच्या राज्यातून येणारा कामगार सिमही आपल्या गावचंच घेऊन येतो. इथे उतरल्यावर तो फोन चालू करतो आणि काही सेकंदांत रेंज येते.

हे सिम खरं आहे याची खात्री इथल्या नेटवर्कने कशी केली? त्याचं गुपित तर शेकडो किलोमीटर दूर, घरच्या नेटवर्कच्या नोंदवहीत आहे. प्रत्येक कॉलला, प्रत्येक एसएमएसला तिकडे विचारायचं म्हटलं तर नंबर फिरवून नुसतं ताटकळत बसावं लागेल. गुपितच इकडे पाठवून द्यावं, तर ते गुपित राहत नाही. या पेचावर निघालेला तोडगा म्हणजे तीन आकड्यांचं एक त्रिकूट. दूरसंचाराच्या इतिहासात इतकी नेटकी कल्पना मला दुसरी दिसत नाही.

डिजिटलच्या आधीचे मोबाईल आपला नंबर आणि हँडसेटचा क्रमांक हवेत उघडपणे सांगत. कुणी रेडिओ रिसीव्हर लावून ते टिपले की दुसऱ्या हँडसेटमध्ये भरता येत, आणि बिल मूळ मालकाच्या घरी जाई. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्या या नकली फोनांनी हैराण झाल्या होत्या. युरोपात १९८२ साली टपाल-तार खात्यांच्या संघटनेने जीएसएम या समाईक डिजिटल मोबाईल पद्धतीसाठी गट नेमला आणि ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांतल्या कंपन्यांनी करारावर सह्या केल्या. एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालला पाहिजे, ही त्यांची मुख्य अट होती. पण आपल्या ग्राहकाचं गुपित, म्हणजे त्याच्या सिमची किल्ली, परदेशी कंपनीच्या हाती द्यायला कोण तयार होणार?

म्हणून किल्ली दोनच ठिकाणी ठेवायची ठरली: सिममध्ये आणि घरच्या नेटवर्कच्या प्रमाणीकरण केंद्रात. १२८ बिटांची ही किल्ली सिमच्या चिपमधून बाहेर येतच नाही. घरचं केंद्र एक यादृच्छिक आकडा काढतं, त्यावर किल्लीची प्रक्रिया करतं आणि दोन उत्तरं तयार करतं. एक उत्तर ओळख पटवण्यासाठी, दुसरं म्हणजे बोलणं गुप्त ठेवण्यासाठीची तात्पुरती किल्ली. आकडा आणि ही दोन उत्तरं मिळून त्रिकूट झालं. ते घरून पाहुण्या नेटवर्ककडे, म्हणजे फोन जिथे उतरला तिथल्या नेटवर्ककडे येतं. पाहुणं नेटवर्क त्यातला आकडा फोनकडे पाठवतं. सिम आतल्या आत तेच गणित करतं आणि ३२ बिटांचं उत्तर परत देतं. ते हातातल्या उत्तराशी जुळलं की ओळख पटली. गणित कोणतं होतं, हे पाहुण्या नेटवर्कला कळायची गरजही नसते. त्याने फक्त दोन आकडे ताडून पाहायचे. त्यामुळे प्रत्येक कंपनीला आपलं गणित स्वतः निवडायची मोकळीक राहिली.

खेपा वाचवण्याची युक्ती याच्या पुढची आहे. घरचं केंद्र एका मागणीला एकच त्रिकूट न देता पाचपर्यंत देऊ शकतं. गावच्या पाटलाने सही-शिक्क्याचे पाच दाखले आधीच लिहून द्यावेत, तसं. एक त्रिकूट २८ बाइटचं, म्हणजे पाच मिळून १४०. त्या काळी नेटवर्कं एकमेकांना निरोप पाठवत त्या सिग्नलिंगच्या जाळ्यात एका निरोपात २७२ बाइटपर्यंत मजकूर जाई, म्हणून पाचही एका खेपेत मावत. मग पाच वेळा ओळख तपासेपर्यंत घरी विचारायचं काम नाही.

१ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये रेडिओलिंजाच्या जाळ्यावर पहिला जीएसएम कॉल झाला. १७ जून १९९२ रोजी टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनच्या व्होडाफोनने पहिला रोमिंग करार केला. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला, आणि सर्कलांमध्ये वाटलेल्या आपल्या देशात हे त्रिकूट फार कामाला आलं.

पण सोयीसाठी ठेवलेल्या दोन सवलती महागात पडल्या. घराशी संपर्क तुटला तर पाहुण्या नेटवर्कने जुनी त्रिकुटं पुन्हा वापरली तरी चालत असे. शिवाय परीक्षा फक्त फोनची होती, टॉवरची नव्हतीच. हाती लागलेलं एखादं त्रिकूट घेऊन कुणी खोटा टॉवर उभा केला, तर फोन बिनतक्रार त्याच्याशी बोलू लागे. १९९८ साली ब्रिसेनो, गोल्डबर्ग आणि वॅग्नर या तिघांनी अनेक कंपन्या वापरत असलेलं कॉम्प१२८ हे गणितही फोडून दाखवलं.

थ्रीजीने त्रिकुटाचं पंचक केलं. त्यात टॉवरच्या बाजूचा पुरावा आणि एक चढता क्रमांक आला, म्हणजे वापरून झालेलं पंचक सिम ओळखून नाकारू लागलं. आकारही वाढला. पाच पंचकं एका निरोपात मावेनात, म्हणून तुकडे करून पाठवायची सोय करावी लागली. आणि इथे पैनगंगेच्या काठासारख्या जागांची खरी अडचण उभी राहिली. फोनने या बाजूला पाच पंचकं मागवली, त्यातली दोन वापरली. मग पलीकडच्या टॉवरवर गेला, तिथे पुढच्या क्रमांकांची नवी पाच आली. परत अलीकडे आल्यावर शिल्लक राहिलेली तीन मागच्या क्रमांकांची निघाली. चढताच क्रमांक मान्य करणारं सिम ती फेकून देणार, आणि वाचलेली खेप पुन्हा करावी लागणार. यावर मानकात सुचवलेली पद्धत अशी: सिमने शेवटचा एकच क्रमांक लक्षात न ठेवता ३२ नोंदींची यादी ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंची पंचकं आपापल्या क्रमाने चालतील. हद्दीवर राहणाऱ्या माणसाचा विचार मानकात इतक्या बारकाईने झालेला पाहून मला फार बरं वाटतं.

विश्वासाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. सिग्नलिंगच्या जाळ्यात शिरलेल्या कोणीही मागितलं तर घरचं केंद्र भोळेपणाने तात्पुरत्या किल्ल्या देऊन टाकी. डिसेंबर २०१४ मध्ये हँबुर्गमधल्या एका संमेलनात टोबियास एंगेल आणि कार्स्टेन नोल यांनी या जाळ्याची भगदाडं सर्वांसमोर मांडली.

तोवर फोरजीने वाट बदलली होती. साठा करून ठेवू नका, एका वेळी एकच संच मागवा, अशी शिफारस तिच्या मानकात आहे. खेपा वाढू नयेत म्हणून त्या एका संचातून एक मुख्य किल्ली निघते आणि पुढच्या सगळ्या किल्ल्या स्थानिक नेटवर्क तिच्यापासूनच तयार करतं. फाइव्हजीत, जी भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, आणखी एक पाऊल पुढे पडलं. सिमचं उत्तर पाहुण्या नेटवर्कने ताडून पाहिलं तरी भागत नाही, ते घरच्या नेटवर्ककडेही जातं. ग्राहक खरोखर तिथे आहे याची खात्री घर स्वतः करून घेतं आणि फाइव्हजीच्या मूळ पद्धतीत मुख्य किल्ली त्यानंतरच पाहुण्याच्या हाती देतं.