कीबोर्ड बिघडलेला नाही, मंडळी!

नव्या लॅपटॉपवर मराठी सुरू केलं की मित्रांची एक ठरलेली तक्रार येते: "अरे, 'के' दाबला की क येतो, पण 'एस' दाबला की मात्रा! सेटिंग गंडलंय का?" नाही हो. तुम्ही फक्त एका इतिहासातून दुसऱ्यात शिरलाय.

कळांवर छापलेली इंग्रजी अक्षरं ही पहिली गोष्ट. ती मांडणी १८७० च्या दशकात अमेरिकेत टाइपरायटरसाठी तयार झाली. मराठीशी तिचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट देवनागरी टाइपरायटरची, म्हणजे रेमिंग्टन मांडणीची. इथे अक्षर दिसतं तसं तुकड्यांनी उमटवायचं. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. सोलापुरातली माझी मावशी हेच शिकून मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास झाली. पुढे संगणकावरच्या जुन्या फॉन्टनी हीच पद्धत उचलली. गोची अशी, की फाइलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरंच, वर फक्त मराठी चेहरा. तो फॉन्ट नसला की मावशीने टाइप केलेलं सगळं अगम्य!

तिसरी गोष्ट इनस्क्रिप्टची. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. विंडोजमध्ये साधं 'मराठी' निवडलं की मिळते ती हीच. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'सोलापूर' टाइप करून बघा: एम, ए, एन, ई, एच, टी, जे. उजवा, डावा, उजवा, डावा... शेवटपर्यंत एकही हात दोनदा लागत नाही. आहे की नाही मजा?

आणि आपला खास ऱ्य? शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश. हे जमलं नाही तर स्वयंपाकाच्या आचाऱ्यांचे थेट आचार्य होतात :-)

विंडोज एक्सपीच्या काळात यासाठी रीजनल सेटिंगमध्ये टिक करून वर सीडी शोधावी लागायची. आता लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि विंडोज की व स्पेस दाबून भाषा बदला. इनस्क्रिप्ट नको असेल तर तिथेच फोनेटिकही आहे.

मावशीची बोटं मात्र ऐकत नाहीत, आणि का ऐकावीत? रेमिंग्टनची युनिकोड मांडणी वेगळी बसवता येते, तिला तीच लावून दिली. बोटांची सवय कुठलीही असो, आत साठणारं अक्षर मराठीच हवं. मग ते दुसऱ्या कुठल्याही मशीनवर मराठीच उघडतं.