दूरदेशीचा व्यापार आणि पत

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असले, तरी ते आगगाडीच्या वाटेवर नाही. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला. त्यावर सेलू आले, परभणी आले. जिंतूर मात्र बाजूस राहिले. अशा गावी बसून मुंबईच्या अथवा त्याहूनही दूरच्या माणसाशी व्यापार करावयाचा तो कोणत्या आधारावर, हा प्रश्न आजच्या तरुणांस अगदी नवा वाटतो. संगणकामुळे घरबसल्या धंदा करता येऊ लागला, त्यापूर्वी असे काही नव्हतेच, अशी त्यांची समजूत असते. परंतु ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसाशी देवघेव करणे ही आपल्याकडील फार जुनी गोष्ट आहे. तिच्या इतिहासातील तीन टप्पे आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे योजिले आहे.

पहिला टप्पा हुंडीचा. समजा, जिंतूरच्या एखाद्या व्यापाऱ्यास मुंबईच्या पेढीचे हजार रुपये देणे आहे. ती रक्कम थैलीत घालून रानावनातून पाठविणे म्हणजे चोरास आमंत्रण. म्हणून तो गावच्या सावकारापाशी रक्कम भरी आणि सावकार आपल्या मुंबईच्या आडत्यावर चिठ्ठी लिहून देई. ती दाखविताच पैसे द्यावयाचे असले तर दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे असले तर मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची अब्रू आहे अशा माणसाच्याच हाती पडत. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोचला तरच रक्कम देय होई. म्हणजे हुंडी आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदाने होत. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. आडत्याने हुंडी नाकारलीच तर काय करावे, याचीही तजवीज असे. हुंडी लिहिणारा कधी कधी त्याच गावच्या दुसऱ्या सद्गृहस्थाच्या नावे जिकरी चिठ्ठी देऊन ठेवी. पहिल्याने तोंड फिरविले तर दुसऱ्याने लाज राखावी, एवढाच तिचा अर्थ.

आमच्या भागात यात आणखी एक अडचण होती. जिंतूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याचे नाणे निराळे. मुंबईचा तो कलदार रुपया, आमचा तो हाली. सरकारी भावाने 100 कलदार रुपयांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली पडत. सरहद्दीवर करोडगिरीची जकात असे ती वेगळीच. एवढ्या अडचणींतूनही व्यापार चाले. कारण दोन टोकांस बसलेल्या दोन माणसांस एकमेकांच्या शब्दाची किंमत ठाऊक असे. ज्याची हुंडी एकदा परत आली, त्याची बातमी हुंडीच्या आधी बाजारात पोचे. या पद्धतीचा गुण तोच, आणि दोषही तोच. ज्यास बाजारात कोणी ओळखत नाही अशा होतकरू माणसास तीत शिरकाव नव्हता. पत वाडवडिलांची असावी लागे.

दुसरा टप्पा टपालाचा. ऑक्टोबर 1854 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा दर ठरला. मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. 1877 मध्ये व्ही. पी.ची पद्धत आली, 1879 मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले आणि 1880 पासून टपालखाते मनिऑर्डरी घेऊ लागले. या चार गोष्टींनी जे घडविले ते पुष्कळ कायद्यांनीही घडले नसते. व्ही. पी.त विक्रेता पुडके टपालात देई, टपालवाला गिऱ्हाइकाच्या दारी त्याची किंमत वसूल करी आणि ती रक्कम विक्रेत्यास पोचती होई. गिऱ्हाइकाने पुडके नाकारले तर ते परत येई व टपालहशील विक्रेत्याच्या माथी बसे. म्हणजे अनोळखी माणसांमध्ये सरकार जामीन उभे राहिले. मात्र श्रोतेहो, एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पैसे मोजल्यावाचून पुडके उघडता येत नसे. टपालखाते पुडके पोचविण्याची हमी देई. आत काय आहे याची हमी देत नसे. ती हमी विक्रेत्याच्या नावानेच द्यावयाची होती.

हे ज्यांनी ओळखले ते लहान गावी राहूनही मोठे झाले. वेल्समधील न्यूटाऊन या छोट्या गावच्या प्राइस-जोन्स नावाच्या कापडव्यापाऱ्याने 1861 च्या सुमारास फ्लॅनेलचे नमुने व भावपत्रके टपालाने धाडण्यास आरंभ केला. पुढे खुद्द व्हिक्टोरिया राणी त्याची गिऱ्हाईक झाली.

परंतु आपल्याच मुलखात याहून बोधप्रद उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता तेथून सायकली खरेदी करून बेळगावी बंधू रामूअण्णांकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांस चालविण्यासही शिकवीत. एक भाऊ मालाच्या टोकास, दुसरा गिऱ्हाइकाच्या. पुढे 1903 मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज; पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले. निवडुंग आणि सापविंचू यांनी भरलेल्या त्या माळावर कारखाना उभा राहिला आणि ते स्टेशन पुढे किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले. बाजारपेठ तेथे नव्हती; गिऱ्हाईक दूरदूरच्या खेड्यांत होते. त्यांच्याशी बोलावे कसे? 1920 मध्ये शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. तेच वाढून पुढे मराठी घराघरांत जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. कारखानदाराने गिऱ्हाइकाशी नियमाने बोलत राहावे, या साध्या गरजेतून एवढी मोठी वाङ्मयीन संस्था जन्मास आली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांसमोरचा. 2016 मध्ये यूपीआय आले आणि हुंडीस जे काम करावयास दिवस लागत ते क्षणात होऊ लागले. 2020 च्या टाळेबंदीत पुण्यामुंबईची कित्येक मुले गावी परतली आणि घरूनच कचेरीचे काम करू लागली. माल दारात आल्यावर पैसे देण्याची जी सोय आज शहरांत दिसते, ती जुन्या व्ही. पी.चीच नात होय. तेव्हा जिंतूरसारख्या गावी राहून दूरचा धंदा मांडण्यास साधनांची उणीव राहिली, असे आता म्हणवत नाही.

उणीव राहील ती पतीची. पैसा क्षणात पोचतो, त्याबरोबर फसवणूकही क्षणात पोचते. आणि अनोळखी गिऱ्हाइकास जिंतूर काय नि जालना काय, दोन्ही सारखीच अदृश्य. हुंडीवाल्या सावकाराने दूरच्या गावी आधी एक भरवशाचा माणूस जोडला, मग व्यवहार वाढविला. व्ही. पी.च्या विक्रेत्याने न खपलेल्या पुडक्याचा भुर्दंड स्वतः सोसला. किर्लोस्करांनी दोन वर्षे थांबून गिऱ्हाइकाचा संशय फेडला. तिघांनीही जोखमीचा पहिला वाटा आपल्या अंगावर घेतला, हे त्यांच्यातील साम्य.

गाव सोडून जाणाऱ्या मुलांकडे पाहून पुष्कळ आईबाप हळहळतात. त्यांच्यापैकी ज्यास परत येऊन येथूनच काही करावयाचे असेल, त्याने यंत्र विकत घेण्याआधी एवढा विचार अवश्य करावा: माझा माल वाईट निघाला तर नुकसान कोणी सोसावयाचे? याचे उत्तर ‘मी’ असे जो निःशंकपणे देऊ शकेल, त्याला आगगाडी गावावरून जात नसल्याचे फारसे दुःख होणार नाही.