माकड, पाचर आणि गोल करवत

१/ पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रातील एक कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. देवळाचे बांधकाम चालू असते. अर्धवट चिरलेल्या लाकडात खैराची पाचर ठोकून सुतार दुपारच्या जेवणास जातात. एक माकड त्या चिरेवर बसून पाचर उपटते, चीर मिटते आणि माकड चिरडून मरते.

२/ तात्पर्य ठरलेले आहे : नसती उठाठेव करू नये. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे आणखी एक प्रश्न विचारावा. सुतारांनी ती पाचर ठोकलीच कशासाठी होती? आजच्या टेबल सॉवरील एका अत्यंत महत्त्वाच्या सुरक्षासाधनाचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

३/ झाड वाढताना आणि ओंडका वाळताना लाकडात ताण साठतात. तंतूंच्या दिशेने उभा काप घेतला की ते मोकळे होतात. मग कापलेले दोन भाग कधी बाहेर फाकतात, तर कधी एकमेकांकडे झुकून करवतीचे पाते आवळून धरतात. आडव्या कापात हा त्रास कमी असतो. उभी चीर उघडी राहावी म्हणून पाचर.

४/ एक माणूस ओंडक्यावर आणि दुसरा खाली उभा राहून करवत ओढत असे, त्या काळात पाते अडकले तर काम थांबे. पाचर ठोकावी आणि पुन्हा सुरुवात करावी. नुकसान होई ते मुख्यतः वेळेचे.

५/ मग गोल करवत आली. इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ च्या पेटंटात तिचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांच्या यंत्रांवर नौदलासाठी कप्प्या तयार होऊ लागल्या. तेथेही लाकूड कापण्यास गोल करवती होत्या.

६/ येथे धोक्याचे स्वरूपच पालटले. टेबल सॉच्या पात्याचे पुढचे दात खाली जातात, मागचे दात वर येतात. चीर मिटून लाकूड मागच्या दातांवर आवळले गेले, तर फळी उचलली जाऊन कामगाराच्या अंगावर फेकली जाते. यालाच ‘किकबॅक’ म्हणतात. दहा इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. फळीबरोबर हातही पात्यावर ओढला जाऊ शकतो.

७/ दोष कोणाचा? १८३७ च्या ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ या इंग्लिश खटल्यात जखमी नोकरास भरपाई नाकारली गेली. खटला करवतीचा नव्हता, अतिभाराने मोडलेल्या गाडीचा होता. परंतु धोका दिसत असेल तर नोकराने काम नाकारावे, हा त्यामागील विचार पुढे यंत्रांवरील कामगारांनाही भोवला. न्यायालयाचे तात्पर्य पंचतंत्राहून फारसे निराळे नव्हते!

८/ १८४४ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील यंत्रांना कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली. लाकूडकामाच्या यंत्रांसाठी ब्रिटनमध्ये १९२२ साली सविस्तर नियम आले. गोल पात्याच्या मागे, त्याच रेषेत, ‘रायव्हिंग नाइफ’ हवी, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते.

९/ रायव्हिंग नाइफ म्हणजे पोलादी पट्टी. ती पात्याच्या अंगाहून किंचित जाड आणि चिरेहून किंचित पातळ असते. चीर मिटू पाहते तेव्हा लाकूड दातांऐवजी या पट्टीवर टेकते. थोडक्यात, यंत्रालाच कायमची जोडलेली पाचर. फळी ढकलण्यासाठी काठी पुरवावी, हेही त्याच नियमांत होते. फळी फेन्सला टेकवून सरकवावी आणि आपण पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहावे, ही उरलेली शिस्त कारागिराची.

१०/ भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्रांना कुंपण बंधनकारक केले. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यातील तरतुदींवर ब्रिटिश नियमांची छाप स्पष्ट दिसते.

११/ अमेरिकेत मात्र ही पट्टी नव्या टेबल सॉवर सर्रास दिसू लागली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस. तोवर तेथील दुभाजक पट्टी बहुधा वरच्या झाकणाला जोडलेली असे. खाच पाडताना दोन्ही काढावी लागत आणि अनेकदा ती पुन्हा बसवलीच जात नसत. त्वचेचा स्पर्श होताच क्षणार्धात पाते थांबवणारे ‘सॉस्टॉप’ तंत्रही आता आले आहे. ते बोट वाचवते, पण चीर उघडी ठेवण्याचे काम पाचरीचेच राहते.

१२/ कथेत माकडाला दोष देणे सोपे होते, कारण पाचर हाताने उपटता येत होती. कायद्याला ती सहजासहजी उपटता येणार नाही अशी बसवायला फार वर्षे लागली. पुढच्या वेळी लाकडाच्या वखारीत गेलात, तर गोल पात्याच्या मागे अवश्य पाहा. तेथे पट्टी नसेल, तर सुतार जेवायला गेलेले नाहीत. पाचर आधीच कोणीतरी उपटली आहे.