वारसा तारेवरून जाताना

फळ्यावर ‘एक आकृती काढा’ असे सांगितले, तर कुणी वर्तुळ काढील, कुणी आयत. नुसती आकृती मात्र कुणालाच काढता येणार नाही. संगणकाच्या आज्ञावलीत अशा कल्पनेला अमूर्त वर्ग म्हणतात. येथे वर्ग म्हणजे वस्तूंचा प्रकार. प्रत्येक आकृतीला क्षेत्रफळ असते, एवढेच अमूर्त वर्ग सांगतो. ते कसे काढायचे, हे वर्तुळ आणि आयत हे उपवर्ग ठरवतात. रंग, स्थान यांसारखे सामायिक गुण त्यांना मूळ वर्गाकडून वारशाने मिळतात.

या वारशाचा उगम नॉर्वेतला. रांगा, वाहतूक, कारखाने यांचे व्यवहार संगणकावर उभे करून अभ्यासता यावेत, म्हणून ऑस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर एक भाषा घडवीत होते. ट्रक आणि बस दोन्ही वाहनेच. मग दोहोंसाठी तेच ते पुन्हा का लिहावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९६७ साली ‘सिम्युला ६७’ या भाषेत उपवर्ग आले. या कामासाठी दोघांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

हा सारा संसार एकाच संगणकाच्या स्मृतीत सुखाने चालला होता. तेथे प्रत्येक वस्तू आपल्या वर्गाची खूण सोबत बाळगते. पण वस्तू दुसऱ्या संगणकाकडे पाठवायची, तर ती उलगडून तिची अक्षरांची सरळ ओळ करावी लागते. हेच सीरियलायझेशन. १९९८ साली एक्सएमएल ही मजकुराची प्रमाण मांडणी ठरली आणि २००० साली ‘सोप’ नियमावलीची १.१ आवृत्ती आली. निरनिराळ्या भाषांतील आज्ञावल्या वेबसेवांमधून एकमेकींशी बोलू लागल्या.

येथेच गाडी अडली. करारात लिहिलेले असते ‘आकृती येईल’ आणि ओळीतून येते नुसते ‘५’. ही त्रिज्या की बाजू? अमूर्त वर्गाची वस्तू तर बनवताच येत नाही. उपवर्गाचे नाव सोबत हवे. २००१ च्या एक्सएमएल स्कीमा प्रमाणकात अशा चिठ्ठीची सोय होती. २००२ साली आलेल्या डॉट नेटमध्ये तर कोणकोणते उपवर्ग येऊ शकतील, याची यादी आधीच द्यावी लागे. यादीबाहेरचा उपवर्ग आला की काम थांबे. कित्येकांना हा जाच वाटला.

१९९७ सालच्या जावाच्या सीरियलायझेशनने सोपी वाट धरली होती: ओळीत ज्या वर्गाचे नाव असेल आणि जो आपल्याकडे सापडेल, त्याची वस्तू बनवायची. या भाबडेपणाची किंमत २०१५ साली ठळकपणे दिसली. एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्रंथालयातील निरुपद्रवी वर्गांची नावे कौशल्याने गुंफून परक्या संगणकाला हवी ती आज्ञा पाळायला लावता येते, हे उघड झाले. २०१७ साली जावा ९ मध्ये येणारे वर्ग गाळून घेण्याची सोय आली. जाच वाटणारी यादी वेगळ्या रूपाने परतली.

आपल्याला हे वर्गात करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याने चिठ्ठीवर फक्त ‘५’ लिहून द्यावे आणि दुसऱ्याने आकृती काढावी. मग ‘वर्तुळ, ५’ असे लिहावे. तिसऱ्या चिठ्ठीवर लिहावे, ‘दप्तर रिकामे कर’. दुसरा विद्यार्थी तसे करतो का, तेवढे पाहावे.