ज्याचे शब्द, त्याचे नाव

आषाढीच्या वारीत तुकोबारायांची पालखी इंदापूर सोडून बावड्यावरून सराटीकडे जाते. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी सुरू केलेला हा सोहळा पाहण्यास बावड्याच्या रस्त्यावर दुतर्फा माणसे उभी असतात. टाळमृदंगाच्या गजरात एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. प्रत्येक अभंगाच्या अखेरीस त्याच्या कर्त्याचे नाव येते. परक्याचे शब्द वापरताना त्याचे नाव घ्यावे, हा धडा महाराष्ट्राने शाळेत नव्हे, दिंडीत गिरविला आहे.

या नावाला आपण नाममुद्रा म्हणतो. छापखाने नव्हते आणि कविता मुखोमुखी फिरत होती, त्या काळी कर्त्याचे नाव चरणातच गुंफलेले असे. ते गाळले तर चरण लंगडा होई. जनाबाईंनी तर स्वतःस ‘नामयाची दासी’ म्हणवून आपल्याबरोबर नामदेवांचेही ऋण नोंदविले.

परंतु मुद्रा कोणासही उमटविता येते, हे तिचे वैगुण्य. चौदाव्या शतकातील संत नामदेव आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हे दोन वेगळे कवी. तथापि दोघांचे अभंग एकमेकांत मिसळले आणि ते निवडताना अभ्यासकांची पुरेवाट झाली. यात लबाडीच होती असे नव्हे. कोणाची भक्ती, कोणा नकलकाराची चूक, तर कोणाला आपल्या बोलण्यास थोराच्या नावाचे वजन हवे असे. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये तुकोबांची गाथा दोन भागांत निघाली. तेव्हा विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित या संपादकांना देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या.

याबाबत आमच्यापुढे आदर्श आहे तो एकनाथांचा. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे नकला होत गेल्या व पाठभेद माजले. नाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला आणि केलेल्या कामाची नोंद शकासह अखेरीस ठेविली. यात आपली ओवी घुसडणाऱ्यास त्यांनी परखड दोषही दिला. नाथ स्वतः थोर कवी. मनात आणते तर शंभर ओव्या त्यांनी सहज बेमालूम मिसळल्या असत्या. त्यांनी हात आवरला, म्हणून ज्ञानदेव आपल्याला ज्ञानदेवांच्या शब्दांत भेटतात. इकडे बारामतीस मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘सन्मणिमाला’ रचून संतांना नावानिशी वंदन केले. पूर्वसूरींचे नाव घेतल्याने त्यांची थोरवी उणावली काय?

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि सकाळ होताच सुविचारांचा पाऊस पडतो. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांनी कधीच न लिहिलेली वाक्ये त्यांच्या नावावर खपतात, आणि एखाद्या अप्रसिद्ध कवीची ओळ निनावी फिरते. अन्याय दुहेरी होतो: एकाच्या तोंडी परके शब्द जातात, दुसऱ्याचे शब्द पोरके होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, हक्क विकल्यावरही, कृती आपली असल्याचे सांगण्याचा लेखकाचा अधिकार मान्य केला आहे. पण प्रत्येक ओळीमागे कायदा धावत नाही. तेथे आपली सचोटीच कामी यावयाची.

तेव्हा पथ्य एवढेच पाळावे. शब्द असतील तसेच द्यावेत. मधले गाळले तर तसे दाखवावे. कर्त्याचे नाव द्यावे, आणि शक्य तर ग्रंथाचेही. कर्ता ठाऊक नसेल, तर ‘कर्ता अज्ञात’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. खोट्या नावापेक्षा कोरी जागा बरी. ती पुढे कोणी तरी भरू शकतो.

पुढील आषाढीस बावड्याच्या रस्त्यावर उभे राहू, तेव्हा अभंगाचा शेवटचा चरण नीट ऐकू या. त्यात केवळ एक नाव नाही. शब्दांचे ऋण कसे फेडावे याचा पाठ आहे.